शिरोलीतील फाउंड्रीचा डेटा क्लाउडवर नेताना : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील या फाउंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) ड्रॉइंग, तपासणी अहवाल, हिशेब आणि पत्रव्यवहार हे सर्व तळमजल्यावरील एका खोलीतल्या एकाच फाइल सर्व्हरवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद राहिली; जुलै २०२१ मध्येही तीच वेळ आली. दोन्ही वेळा पाणी सर्व्हरच्या खोलीत शिरले नाही, परंतु वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि पुण्यातील ग्राहकाला तातडीने हवे असलेले ड्रॉइंग कुलूपबंद खोलीतील बंद यंत्रात पडून होते. सध्या आपत्कालीन व्यवस्था म्हणून अकाउंट्स विभागातील एक कर्मचारी दर शनिवारी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेऊन घरी जातो. याखेरीज दुसरी व्यवस्था नाही.

व्यवस्थापनाला आताच जाग येण्याचे कारण कोल्हापूरचे नसून दक्षिण कोरियाचे आहे. २६ सप्टेंबरला देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सरकारी कर्मचारी वापरत असलेला जी-ड्राइव्ह हा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला. साठा फार मोठा आणि संथ असल्यामुळे त्याचा बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता, असे स्पष्टीकरण तेथे देण्यात आले. बातमी वाचून मालकांनी मला बोलावले आणि पहिलाच प्रश्न विचारला : आपला डेटा किती जीबी आहे आणि महिन्याला किती पैसे लागतील? त्याचे उत्तर आज दिले नाही. त्याआधी प्रत्येक विभागाने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे ठरवले आहे : आज रात्री सर्व्हर गेला, तर तुमच्या कामाची कोणती फाइल किती तासांत परत मिळाली पाहिजे? दर, साठवणीचा प्रकार आणि जागा या तिन्ही गोष्टी या उत्तरावरून ठरतील.

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

मोजदाद पूर्ण झाली. एकूण साठा सुमारे ९ टेराबाइट आहे. त्यात सर्वांत मोठा हिस्सा, जवळजवळ ४ टेराबाइट, कास्टिंग सिम्युलेशनच्या निकालांचा आहे. वितळलेला धातू साच्यात कसा भरेल आणि कोठे आधी गोठेल, याची ही गणिते आहेत. निकालाच्या फाइली अवाढव्य असल्या तरी ज्या मॉडेलवरून आणि ज्या मूल्यांवरून त्या काढल्या, त्या मूळ फाइली फारच लहान आहेत. त्या जवळ असतील तर निकाल एका रात्रीत पुन्हा काढता येतो. म्हणून निकाल क्लाउडवर न्यायचे नाहीत, फक्त मूळ फाइली न्यायच्या, असा प्रस्ताव डिझाइन विभागापुढे ठेवला. विभागप्रमुखांनी दोन जुन्या जॉबचे निकाल मात्र ठेवायला सांगितले, कारण त्या वेळची सॉफ्टवेअरची आवृत्ती आता त्यांच्याकडे नाही. हा मुद्दा योग्य आहे आणि तो पुढे इतर ठिकाणीही उपटेल, असे दिसते.

उरलेल्या साठ्यात रेडिओग्राफीच्या, म्हणजे ओतीव भागांच्या क्ष-किरण तपासणीच्या, प्रतिमा सुमारे २ टेराबाइट. ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि पीपॅपच्या (ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांच्या) फाइली दीड टेराबाइटच्या आत. बाकी मेल आणि वैयक्तिक फोल्डर. स्पेक्ट्रोमीटरचे (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचे) अहवाल आकाराने नगण्य आहेत, पण संख्येने लाखोंच्या घरात : प्रत्येक हीटचा (भट्टीतील एका वितळणीचा) एक, पाच-सहा किलोबाइटचा. कंपनीचा जीव ज्यात आहे तो टॅलीचा डेटा चार-पाच जीबीचा आहे, म्हणजे कोणाच्याही खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल एवढा. आकार आणि महत्त्व यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे या कोष्टकाकडे पाहिल्यावर मालकांना वेगळे सांगावे लागले नाही.

न्यायचा साठा आता सुमारे ५ टेराबाइटवर आला आहे.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

विभागांची उत्तरे आली. मशीन शॉपला चालू जॉबचे ड्रॉइंग अर्ध्या तासात हवे, कारण तेवढ्या वेळात सेटिंगला लावलेले मशीन उभे राहते. अकाउंट्सला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हिशेब हवा. मेलसाठी दोन दिवस थांबता येईल, असे सर्वांनी, थोड्या नाखुशीने, मान्य केले.

चर्चा रंगली ती रेडिओग्राफीवर. या प्रतिमा ‘कोणी बघत नाही’ म्हणून स्वस्तात स्वस्त प्रकारात, म्हणजे ॲमेझॉनच्या एसथ्री या क्लाउड साठवण सेवेतील ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये टाकाव्यात, असा माझा कच्चा आराखडा होता. त्याचा दर नेहमीच्या स्टँडर्ड प्रकाराच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. त्यातून फाइल परत मागितली की ती साधारण १२ तासांत मिळते आणि घाऊक पद्धतीने मागितली तर ४८ तास लागू शकतात. क्वालिटी विभागप्रमुखांनी याला हरकत घेतली. कास्टिंगमध्ये भोक निघाल्याची तक्रार आली की त्यांच्या मोठ्या ग्राहकाला २४ तासांत प्राथमिक उत्तर द्यावे लागते. त्यांपैकी १२ तास प्रतिमेची वाट पाहण्यात गेले, तर उत्तर तयार कधी करायचे? शिवाय तक्रारी सहसा अलीकडच्या मालाच्या असतात. तेव्हा मागील दोन वर्षांच्या प्रतिमा ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल या प्रकारात ठेवायच्या, जेथे साठवण तुलनेने स्वस्त असूनही फाइल क्षणात उघडते, आणि त्याहून जुन्या डीप आर्काइव्हमध्ये. पहिल्या प्रकारात किमान ९० दिवसांचे आणि दुसऱ्यात किमान १८० दिवसांचे भाडे द्यावेच लागते, फाइल आधी पुसली तरीही. त्यामुळे रोज बदलणारी कोणतीही फाइल या दोहोंत जाणार नाही.

बैठक संपताना स्टोअरमधील ज्येष्ठ कर्मचारी म्हणाले, “साहेब, ह्यातलं काय बी टाकू नका, कवा लागंल सांगता येत न्हाई.” वाहन उद्योगाचा आयएटीएफ १६९४९ हा मानक काहीसे तेच म्हणतो : मंजुरीची आणि टूलिंगची कागदपत्रे तो भाग उत्पादनात किंवा सेवेत असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपावी लागतात. ट्रॅक्टरचे काही भाग वर्षानुवर्षे चालू असतात, हे लक्षात घेतले तर स्टोअरवाल्यांचे म्हणणे फारसे अतिशयोक्त नाही.

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

आज कंपनीच्या सनदी लेखापालांसोबत कायद्याची बाजू तपासली. कंपन्यांच्या लेखाविषयक २०१४ च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातच प्रत्यक्ष स्थित असलेल्या सर्व्हरवर असावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर तो ‘ठरावीक काळाने’ घेऊन चालत नाही, दररोज घ्यावा लागतो. म्हणजे शनिवारची पोर्टेबल डिस्क ही नुसती अपुरी नव्हती, नियमातही बसत नव्हती. त्याच नियमांनुसार हिशेब ज्या सेवादात्याकडे ठेवले आहेत त्याचे नाव, आयपी पत्ता आणि ठिकाण दरवर्षी कंपनी निबंधकांना कळवायचे असते. ही माहिती आम्ही लेखापालांना एका पानावर लिहून देणार आहोत. हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे जपायच्या. जीएसटीच्या नोंदींची मुदत संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने आहे, तेव्हा मोठी मुदत धरली की दोन्ही भागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉगही (वापराच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. त्यांसाठी वेगळी बकेट, म्हणजे एसथ्रीमधील वेगळा कप्पा, असेल.

जागेच्या निवडीत तीन मोठे पुरवठादार विचारात घेतले. मायक्रोसॉफ्टचे मध्य भारत रिजन (डेटा सेंटरांचा प्रादेशिक समूह) पुण्यात आहे आणि ते २०१५ पासून चालू आहे. ॲमेझॉनचे मुंबई रिजन जून २०१६ मध्ये आणि हैदराबाद रिजन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. गूगलचे मुंबईत २०१७ मध्ये आणि दिल्लीत २०२१ मध्ये. आमच्या कामासाठी तिन्हींपैकी कोणतेही चालले असते. कंपनीच्या ईआरपीचा (कारखान्याचे कामकाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पुरवठादार आधीपासून ॲमेझॉनवर आहे आणि देखभाल करणाऱ्या मुलाला तेच येते, एवढ्या साध्या कारणावर निर्णय झाला. दर तक्त्यांची तुलना करण्यात आठवडे घालवण्यापेक्षा हे कारण मला जास्त भरवशाचे वाटते.

मुख्य साठा मुंबईत राहील. पंचगंगेला पूर आला तर मुंबईतील डेटा सेंटरवर त्याचा परिणाम होणार नाही, आणि मुंबई रिजनमधील तीन स्वतंत्र विभागांत प्रत्येक फाइल विभागून ठेवली जाते. तरीही २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे विसरून चालत नाही. म्हणून ड्रॉइंग आणि हिशेब यांची दुसरी प्रत हैदराबादला जाईल. बाकीच्यांची नाही. त्यांना तेवढ्या घाईने परत मागणारे कोणी नाही.

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

खाते उघडले. मूळ खात्याला दुसऱ्या टप्प्याची खातरजमा लावून ते बाजूला ठेवले आहे. रोजच्या कामासाठी वेगळी, मोजक्याच अधिकारांची किल्ली (प्रवेशाचा गुप्त संकेत) केली आहे. एसथ्रीच्या नव्या बकेटवर सार्वजनिक प्रवेश एप्रिल २०२३ पासून आपोआपच बंद असतो आणि जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नवी फाइल तेथे सांकेतिक करूनच ठेवली जाते. ही सोय उत्तम असली तरी ती डेटा सेंटरमधून कोणी डिस्क उचलून नेली तर उपयोगी पडेल. आमची किल्ली चोरीला गेली तर चोराला फाइल उलगडूनच मिळेल. म्हणून बॅकअपसाठी रेस्टिक हे मुक्त सॉफ्टवेअर वापरायचे ठरले, जे फाइल येथून निघण्यापूर्वीच सांकेतिक करते आणि पुनरुक्ती असलेले तुकडे एकदाच पाठवते. त्याचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणालाही, अगदी ॲमेझॉनलाही, उलगडता येणार नाही. पासवर्ड लिहिलेले दोन बंद लिफाफे तयार केले : एक मालकांच्या तिजोरीत, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये.

एसथ्रीची रचना ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा धरून केलेली आहे. पुरवठादाराच्या शब्दांत, एक कोटी ऑब्जेक्ट (साठवलेल्या फाइली) ठेवले तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादे हरवेल. मालकांनी विचारले की मग दुसरी प्रत हवीच कशाला. या आकड्यात डिस्क बिघडण्याचा विचार आहे, माणसाने किंवा व्हायरसने पुसण्याचा नाही. अधिकृत किल्ली वापरून कोणी फाइल पुसली, तर ती तेवढ्याच पक्केपणाने पुसली जाते. त्यावर उपाय म्हणून व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या आवृत्त्या राखणे) आणि ऑब्जेक्ट लॉक (ठरावीक मुदतीपर्यंत पुसू न देणारे कुलूप) चालू केले. लॉकच्या ‘गव्हर्नन्स’ प्रकारात विशेष अधिकार असलेल्याला कुलूप काढता येते. ‘कम्प्लायन्स’ प्रकारात मुदत संपेपर्यंत मूळ खात्यालाही ते काढता येत नाही. या दुसऱ्या प्रकाराचा मोह आवरावा लागतो, कारण चुकून सगळ्या साठ्यावर आठ वर्षांचे कुलूप लावले, तर आठ वर्षे भाडे भरण्याखेरीज गत्यंतर नाही. रोजच्या बॅकअपला ३५ दिवसांचे आणि फक्त वर्षअखेरीच्या बंद हिशेबाला पूर्ण मुदतीचे कुलूप लागेल. चाचणी होईपर्यंत सर्वत्र गव्हर्नन्स.

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

फाइलींच्या नावांत दिवस गेला, पण तो वाया गेला असे म्हणता येणार नाही. सर्व्हरवर ‘कऱ्हाड’ नावाचे फोल्डर एकाच ठिकाणी दोनदा दिसत होते आणि दोन्हींत वेगवेगळ्या फाइली होत्या. डोळ्यांना नाव तंतोतंत सारखे. तपासल्यावर कळले की एका नावात ‘ऱ’ हे एकच अक्षर-संकेत म्हणून साठवले आहे आणि दुसऱ्यात ‘र’ व त्याखालील नुक्ता असे दोन संकेत मिळून ते बनले आहे. कॅटलॉगचे काम करणाऱ्या जुन्या मॅक संगणकाची फाइल प्रणाली नावे अशी फोडून साठवते. विंडोजवर टंकलेले नाव जसेच्या तसे राहते. शोध घेतला तर तिसरा प्रकारही निघाला : काही कीबोर्डवरून तोच उच्चार ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टंकला जातो. पहिले दोन प्रकार युनिकोड या अक्षर-संकेतांच्या मानकातील ठरलेल्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागली. एसथ्री नावाची तुलना बाइट-बाइटने करते, त्यामुळे ही दुरुस्ती न करता साठा पाठवला असता, तर ‘बऱ्हाणपूर’ शोधणाऱ्याला अर्धीच कागदपत्रे मिळाली असती आणि उरलेली अर्धी आहेत, हे त्याला कळलेही नसते.

लांबीचीही अडचण आहे. एसथ्रीमध्ये फोल्डरसकट पूर्ण नाव १०२४ बाइटपर्यंत चालते आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे जेमतेम ३४१ संकेत. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे त्यात वेगळे मोजले जातात. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये (कार्यालयातील नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रात) तर एका नावाला २५५ बाइटचीच मर्यादा, म्हणजे ८५ संकेत. ‘ग्राहकाने परत पाठवलेल्या मालाच्या तपासणीचा अंतिम सुधारित अहवाल नवीन’ अशा थाटाची नावे ठेवण्याची येथे परंपरा आहे. त्यांना कात्री लागली.

स्पेक्ट्रोचे अहवाल सुटे पाठवायचे नाहीत. क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या स्टँडर्ड-आयए प्रकारात १२८ किलोबाइटपेक्षा लहान फाइललाही १२८ किलोबाइटचे भाडे लागते, म्हणजे सहा किलोबाइटच्या अहवालाला एकवीसपट. डीप आर्काइव्हमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टमागे ४० किलोबाइटची नोंद वेगळी मोजली जाते, आणि पाठवण्याच्या प्रत्येक विनंतीचा दर निराळा. एका महिन्याचे सर्व अहवाल एका टार फाइलमध्ये बांधले आणि सोबत हीट नंबरप्रमाणे सूची ठेवली. सूची कार्यालयातच राहील. कोणत्या गाठोड्यात काय आहे, हे पाहण्यासाठी गाठोडे मागवावे लागू नये.

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार

भट्ट्या शनिवारपासून दिवाळीसाठी बंद आहेत आणि १०० मेगाबिटची लाइन पूर्णपणे आमच्या हाती आहे. हिशेबाने ५ टेराबाइटला पूर्ण वेगात साडेचार दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात लाइन तेवढा वेग सलग देत नाही, म्हणून भाऊबीजेनंतरची तारीख धरली आहे.

आज दुपारनंतर अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया रिजनमध्ये ॲमेझॉनची यंत्रणा कोलमडली आणि जगभरातील अनेक ॲप बंद पडल्याच्या बातम्या आल्या. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदींतील (नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणाऱ्या नोंदींतील) बिघाडातून हे घडले. मालकांचा फोन आला. मुंबईकडे जाणारे आमचे अपलोड चालूच होते, हे त्यांना पडद्यावरचे चित्र पाठवून दाखवले. मात्र एक बारकावा नोंदवून ठेवतो : वापरकर्ते आणि किल्ल्या यांमध्ये बदल करण्याची ॲमेझॉनची मुख्य यंत्रणा त्याच अमेरिकी रिजनमध्ये आहे. मुंबईतील डेटा शाबूत असूनही अशा दिवशी नवी किल्ली करणे किंवा जुनी रद्द करणे अडू शकते. म्हणून आपत्तीच्या वेळी वापरायची, फक्त वाचण्याचा अधिकार असलेली किल्ली आधीच तयार करून लिफाफ्यात ठेवली जाईल.

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

अपलोड पूर्ण. मोठ्या फाइली तुकड्यांनी जातात. लाइन तुटल्याने काही फाइली अर्धवट राहिल्या होत्या. असे तुकडे यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे भाडे चालू राहते. सात दिवसांहून जुने अर्धवट तुकडे आपोआप काढण्याचा नियम लावला.

पडताळणीत, ज्याला या कामाचा अनुभव नाही तो हमखास गोंधळेल अशी एक गोष्ट आहे. एसथ्री प्रत्येक ऑब्जेक्टला ईटॅग (ओळखचिन्ह) देते आणि साध्या लहान फाइलीत तो बहुधा एमडी५ चेकसमच (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा अंक) असतो; तुकड्यांनी गेलेल्या फाइलीत मात्र तो तुकड्यांच्या चेकसमांचा चेकसम असतो आणि शेवटी तुकड्यांची संख्या जोडलेली असते. कार्यालयातील फाइलीच्या एमडी५ शी तो जुळणारच नाही. म्हणून पाठवण्यापूर्वीच प्रत्येक टार फाइलचा शा-२५६ चेकसम काढून सूचीत लिहिला होता; पडताळणी त्यावरून केली.

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पहिले बिल आले. दर डॉलरमध्ये ठरतात आणि बिल रुपयांत, १८ टक्के जीएसटीसह येते. कराची वजावट मिळते. पहिल्या महिन्यात साठवणीपेक्षा विनंत्यांचा आकडा डोळ्यांत भरला, कारण सगळा साठा एकदम गेला. पुढील महिन्यापासून तो खाली येईल. मालकांना बिलाची एकच ओळ समजावून सांगितली : डेटा आत नेण्याला पैसे पडत नाहीत, बाहेर काढण्याला पडतात. महिन्याला पहिले १०० जीबी मोफत आहेत, त्यापुढे प्रत्येक जीबीला दर आहे, आणि मुंबईत एक जीबी एकदा बाहेर काढण्याचा खर्च तो स्टँडर्डमध्ये महिनाभर ठेवण्याच्या खर्चाच्या चौपटीहून जास्त होतो. विमा उतरवताना हप्ता पाहतात तसाच दावा मिळण्याची अटही पाहावी लागते, असे ते स्वतःच म्हणाले.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

परत मिळवण्याची पहिली चाचणी. नियम असा ठेवला की कार्यालयातील कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही : नवा लॅपटॉप, मालकांच्या तिजोरीतील लिफाफा आणि बाहेरची इंटरनेट जोडणी. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या आणि ऐनवेळी त्यांतील एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. ती हकिगत कंपनीने स्वतःच जाहीर केली, हे त्यांचे श्रेय.

एकटे ड्रॉइंग पाच-दहा मिनिटांत उघडले. मशीन शॉपची अट पाळली गेली. परंतु एका ग्राहकाचे २०० जीबीचे संपूर्ण फोल्डर मागवले, तेव्हा १०० मेगाबिटच्या लाइनवर त्याला पूर्ण वेगानेही जवळजवळ साडेचार तास लागतात, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागले. मूळ ९ टेराबाइट साठा नेला असता, तर तो परत यायला आठ दिवस आणि आठ तास लागले असते. क्लाउड कितीही वेगवान असला तरी डेटा शेवटी शिरोलीपर्यंतच्या तारेतूनच येतो. यावर ठरलेला उपाय असा : चालू जॉबच्या फाइलींची एक प्रत पहिल्या मजल्यावरील नॅसवर राहील, जेथे २०१९ एवढे पाणी आले तरी पोचणार नाही. क्लाउड हा त्यामागचा साठा.

दुसरी बाब मनुष्यबळ विभागाची. वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम गेल्याच आठवड्यात अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिने आहेत. तरी कामगारांच्या आधारच्या प्रती सामाईक फोल्डरमध्ये पडून आहेत, हे आजही बरोबर नाही. काम संपल्यावर जी माहिती पुसावी लागते, ती पुसता न येणाऱ्या कुलपाखाली ठेवणे म्हणजे स्वतःहून अडकणे आहे. ते फोल्डर वेगळ्या बकेटमध्ये, कुलपाविना, मोजक्या दोघांच्या ताब्यात दिले.

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

हिशेबाची चाचणी. टॅलीचा डेटा कोऱ्या संगणकावर उतरवायला काही मिनिटे लागली, चेकसम जुळले, आणि काम तेथेच थांबले, कारण टॅलीचा परवाना जुन्या यंत्राला बांधलेला होता. तो नव्या यंत्रावर चालू करण्यासाठी ज्या ईमेलवर परवाना नोंदला आहे त्याचा पासवर्ड लागतो, आणि तो ईमेल पत्ता तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा निघाला. दुपारभर फोनाफोनी झाली. ड्रॉइंगच्या कॅड सॉफ्टवेअरचीही तीच कथा : परवान्याचा डोंगल (परवाना ओळखणारे, संगणकाला खोचायचे छोटे उपकरण) तळमजल्यावरील सर्व्हरच्या मागच्या बाजूलाच खोचलेला आहे. त्या खोलीत पाणी शिरले तर ड्रॉइंग मुंबईत सुखरूप राहील आणि उघडता कोणालाच येणार नाही.

प्रत्येक फाइल प्रकारासमोर सॉफ्टवेअर, आवृत्ती, परवाना कोणाच्या नावावर आणि डोंगल कोठे, असा तक्ता तयार केला. पीपॅपच्या ड्रॉइंगची पीडीएफ प्रतही आता मूळ फाइलीसोबत जाईल.

९ डिसेंबर २०२५, मंगळवार

कुलूप कम्प्लायन्स प्रकारात बदलले. त्याआधी एक प्रश्न निकाली काढायचा होता : सगळे एकाच पुरवठादाराच्या एकाच खात्यावर ठेवावे का? मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील खाजगी यंत्रणा चुकीच्या संरचनेमुळे पुसली गेली. त्या वेळच्या निवेदनानुसार दुसऱ्या ठिकाणची प्रतही त्यासोबत गेली, कारण दोन्ही ठिकाणे एकाच व्यवस्थेखाली होती. दुसऱ्या पुरवठादाराकडील बॅकअपने निधी वाचला. मुंबई आणि हैदराबाद ही आमची दोन ठिकाणेही एकाच खात्याखाली आहेत. पाच टेराबाइटसाठी दुसरा पुरवठादार या आकाराच्या कंपनीला झेपेल, पण त्याकडे लक्ष कोण ठेवणार हा प्रश्न राहतो. म्हणून महिन्यातून एकदा ड्रॉइंग आणि हिशेब सांकेतिक करून डिस्कवर उतरवायचे आणि ती डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची, असा निर्णय झाला. दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या जातील.

मूळ खात्याच्या खातरजमेसाठी दोन भौतिक किल्ल्या नोंदवल्या. आतापर्यंत ती एकाच फोनवर अवलंबून होती.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष प्रसंग आला. एका ग्राहकाने २०२१ मधील कास्टिंगची रेडिओग्राफी मागितली. क्वालिटी विभागाने सूचीत हीट नंबर शोधला, संध्याकाळी डीप आर्काइव्हकडे मागणी नोंदवली आणि सकाळच्या शिफ्टला प्रतिमा तयार होती. ग्राहकाला तोवर सूचीतील नोंदीवरून ‘प्रतिमा उपलब्ध आहे, उद्या पाठवतो’ असे कळवता आले, आणि त्याचे त्यावर समाधान झाले. प्रतिमा जवळ नसूनही ती आहे आणि कधी मिळेल हे खात्रीने सांगता येणे एवढेच बहुतेक वेळा पुरते, असे विभागप्रमुखांचे म्हणणे पडले. त्यांनी स्वतःहून इन्स्टंट रिट्रीव्हलची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणायला सांगितली आहे.

बाकी राहिलेली कामे : स्टोअरमध्ये २००८ पासूनच्या सीडी आणि डीव्हीडींची दोन कपाटे आहेत, त्यांतील वाचता येतील तेवढ्या फेब्रुवारीअखेर वाचून घ्यायच्या. जुने मेल अजून वर्गीकृत झालेले नाहीत. कॅडचा परवाना डोंगलऐवजी ऑनलाइन करण्याचा अर्ज गेला आहे, उत्तर आलेले नाही. पुढील चाचणी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, आणि ती मी नव्हे तर अकाउंट्स व मशीन शॉपमधील प्रत्येकी एक जण करेल. लॅपटॉप आणि बँकेतील लिफाफा त्यांच्या हाती देऊन मी खोलीबाहेर बसणार आहे.